लांब पल्ल्याच्या दुचाकी प्रवासासाठी रायडिंग पँट कशी निवडावी

हेल्मेट घेतले, जॅकेट घेतले, हातमोजेही आले. पायांत मात्र रोजचीच जीन्स. लांबच्या प्रवासाला नव्याने निघालेले असे दुचाकीस्वार शनिवारी पहाटे कात्रजच्या नव्या बोगद्यापलीकडे हमखास दिसतात. बहुतेकांची खरेदी डोक्यापासून खाली होत येते आणि कमरेपर्यंत पोहोचेतो ठरवलेली रक्कम संपलेली असते. परंतु गाडी आडवी होते तेव्हा जमिनीला आधी टेकणाऱ्या भागांत गुडघा, खुबा आणि घोटा हे असतातच, आणि पुष्कळदा दीडशे-दोनशे किलोंची गाडीही त्याच पायावर येते.

आंबोली घाट उतरताना वळणावर पसरलेल्या बारीक खडीवर माझी गाडी घसरली, तेव्हा वेग जेमतेम तीस-पस्तीस होता. पायात जीन्स आणि तिच्यावर पट्ट्यांनी बांधलेले गुडघ्याचे कवच होते. दिवसभरात पट्ट्या सैल होत गेल्या होत्या; पडताक्षणी कवच फिरून पोटरीच्या बाजूला गेले आणि गुडघा सरळ डांबरावर घासला. खुब्यावरची जीन्स तर तळहाताएवढी फाटली होती. पुढे तीन आठवडे जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागला. कवच जवळ असणे आणि पडण्याच्या क्षणी ते जागेवर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळले, आणि पुढचा सगळा लेख याच मुद्द्याभोवती लिहिला आहे.

आधी रस्ता आणि ऋतू

दुकानात जाण्यापूर्वी पुढच्या वर्षभरात आपण प्रत्यक्षात कोठे आणि केव्हा जाणार आहोत हे कागदावर लिहून काढावे. पुणे, सातारा, कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी आणि गोवा हा सुमारे साडेचारशे किलोमीटरचा रस्ता उदाहरणादाखल घेऊ. मे महिन्यात पहाटे पाचला निघालेला माणूस साताऱ्यापर्यंत सुखात असतो, कराड ओलांडल्यावर उन्हाने भाजू लागतो आणि घाट उतरून सावंतवाडीला पोहोचला की दमट हवेत घामाने भिजतो. हाच रस्ता जुलैत आंबोलीच्या आसपास तासन्‌तास पावसात असतो आणि डिसेंबरच्या पहाटे गुडघे गारठवतो. लडाखची गोष्ट आणखी वेगळी आहे. जूनमध्ये राजस्थान-पंजाबच्या तापलेल्या मैदानातून गेलेला स्वार काही दिवसांतच सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहमध्ये असतो आणि तेथून ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंग खिंडीत चढतो.

या सर्व परिस्थितींना सारखीच न्याय देणारी पँट नसते. म्हणून वर्षातून एकदा होणाऱ्या, किंवा कदाचित न होणाऱ्या लडाख दौऱ्यासाठी जाड, अस्तरांनी भरलेली पँट घेऊन ती उरलेले अकरा महिने कपाटात ठेवण्यापेक्षा, ज्या प्रदेशात आपण नेहमी फिरतो त्याच्यासाठी पँट घ्यावी आणि थंडी-पावसाची सोय वेगळ्या थरांनी करावी. महाराष्ट्र आणि गोव्यात फिरणाऱ्या नवख्या माणसाला माझा सल्ला स्पष्ट आहे: मांडीच्या पुढच्या भागात हवा खेळेल अशी जाळी आणि गुडघा, खुबा, पार्श्वभाग येथे जाड, घट्ट विणीचे कापड, अशा मिश्र बांधणीची पँट घ्यावी. उकाड्यामुळे ज्या पँटचा कंटाळा येतो ती माणूस दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला घरीच ठेवतो, आणि घरी ठेवलेल्या पँटची जाडी कितीही असली तरी उपयोग शून्य.

कोणता प्रकार घ्यावा

बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात. कापडी टूरिंग पँट ही लांब पल्ल्यासाठी सर्वांत सोयीची, कारण तिच्यात हवा येण्याच्या चेन, थर जोडण्याची सोय आणि कवचासाठी व्यवस्थित खिसे असतात. पूर्ण जाळीची पँट उन्हाळ्यात सुखद असते, मात्र पार्श्वभागावर आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूलाही जाळीच असेल तर ती लांबच्या महामार्गासाठी घेऊ नये. चामड्याची पँट घासण्याला उत्तम तोंड देते, परंतु आपल्याकडील ऊन आणि पाऊस या दोन्हींत ती सांभाळणे अवघड जाते. चौथा प्रकार म्हणजे रायडिंग जीन्स. ती उतरून थेट हॉटेलात किंवा नातेवाइकांकडे जाण्याजोगी दिसते, हा तिचा खरा गुण. पण भिजली की लवकर वाळत नाही आणि आत ॲरामिडचे (केव्हलारसारख्या चिवट कृत्रिम धाग्याचे) अस्तर असल्यास गरम होते. रायडिंग जीन्स आणि साधी जीन्स यांत गल्लत करू नये. साध्या जीन्सचे कापड डांबरावर घासू लागले की क्षणार्धात भोक पडते. ती कितीही जाड वाटली तरी संरक्षक वस्त्र नव्हे.

रोजच्या पँटवरून चढवायची रायडिंग पँटही मिळते. कार्यालयात जाऊन ती काढून ठेवायची असेल तर ठीक. लांबच्या प्रवासात मात्र आत दोन कपडे झाल्याने उकडते आणि पँट सैल घ्यावी लागल्याने कवच हलते.

लेबल वाचण्याची सवय

आपल्याकडे दुचाकीस्वारासाठी कायद्याने हेल्मेट सक्तीचे आहे आणि त्यावर आयएसआय चिन्ह असते. पँटसाठी तशी सक्ती नाही, त्यामुळे दर्जा ओळखण्यासाठी बहुतेक वेळा युरोपीय मानकांचा आधार घ्यावा लागतो. संपूर्ण वस्त्रासाठी ‘ईएन १७०९२’ हे मानक आहे. त्यात एएए, एए आणि ए अशा उतरत्या श्रेणी आहेत. बी श्रेणीत घासण्यापासून संरक्षण असते पण आघात झेलणारे कवच नसते, आणि सी श्रेणीत फक्त कवच धरून ठेवणारे, आतून किंवा वरून घालायचे वस्त्र येते.

या चाचणीत कापडाचे तुकडे फिरत्या यंत्राला लावून काँक्रीटच्या पृष्ठभागावर सोडतात आणि थांबेपर्यंत घासू देतात. पडताना सर्वाधिक घासल्या जाणाऱ्या भागांसाठी सुरुवातीचा वेग एएए श्रेणीत ताशी सुमारे १२०, एए श्रेणीत ७० आणि ए श्रेणीत ४५ किलोमीटर एवढा धरलेला असतो. हे आकडे प्रयोगशाळेतील यंत्राचे आहेत. ‘७० पर्यंत मी सुरक्षित’ असा त्यांचा अर्थ काढू नये, कारण रस्त्यावर दगड, दुभाजक आणि समोरची वाहने असतात. पँटची पँटशी तुलना करण्यासाठी मात्र ते फार उपयोगी आहेत. महामार्गावर नियमित जाणाऱ्याने एए श्रेणी मिळत असेल तर तीच घ्यावी. उकाड्यामुळे हलकी पँट घ्यायची झाली तर निदान ए श्रेणीखाली उतरू नये.

येथे नवखा माणूस हमखास फसतो. पँटला लटकवलेल्या कागदावर ठळक अक्षरांत ‘सीई’ (युरोपीय नियमांशी जुळत असल्याची खूण) लिहिलेले असते आणि ते पुष्कळदा फक्त आत घातलेल्या गुडघ्याच्या पॅडबद्दल असते, पँटच्या कापडाबद्दल आणि शिलाईबद्दल नव्हे. म्हणून लटकता कागद बाजूला ठेवून पँटच्या आत शिवलेले लेबल शोधावे. त्यावर दुचाकीस्वाराचे छोटे चित्र, श्रेणीची अक्षरे आणि १७०९२ हा क्रमांक असेल, तर संपूर्ण वस्त्राची चाचणी झालेली आहे. तसे लेबल नसलेली प्रत्येक पँट टाकाऊ असते असे मी म्हणणार नाही. परंतु अशा वेळी कापड आणि शिलाई पारखण्याची सगळी जबाबदारी आपल्यावर येते.

कापड आणि शिलाई

कापडाच्या वर्णनात ‘६०० डी’ किंवा ‘५०० डी’ असे लिहिलेले आढळते. हे डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम तितके त्याचे डेनियर. आकडा मोठा असला की कापड मजबूत असेलच असे नाही, कारण धागा कशाचा आहे हेही तितकेच महत्त्वाचे असते. ५०० डेनियरचे कॉर्ड्युरासारखे चिवट नायलॉन हे ६०० डेनियरच्या साध्या पॉलिस्टरपेक्षा घासण्याला अधिक टिकते. विक्रेता केवळ आकडा सांगत असेल तर धागा कोणता हे विचारावे.

शिलाई पाहण्यासाठी पँट उलटी करावी. खुबा, पार्श्वभाग आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला निदान दुहेरी शिवण हवी, आणि एक तरी शिवण आतल्या घडीत लपलेली हवी, म्हणजे वरचा दोरा घासून तुटला तरी कापड उकलत नाही. दोन्ही हातांनी शिवणीच्या दोन बाजू ताणून पाहाव्यात. फटीतून उजेड दिसू लागला तर ती पँट परत ठेवावी. ताणले जाणारे कापड गुडघ्याच्या वर, मागच्या कमरेवर आणि जांघेत असणे सोयीचे, मात्र ते थेट गुडघ्याच्या वाटीवर किंवा खुब्यावर असू नये. पोटरीच्या आतल्या बाजूला चामड्याचा किंवा उष्णता सहन करणारा तुकडा आहे ना, हेही पाहावे. घाटात तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढल्यावर इंजिन आणि सायलेन्सर किती तापतात हे ज्याने पोटरीला चटका लागून अनुभवले आहे, त्याला याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

ऑस्ट्रेलियात कॅनबेरा परिसरातील २१२ अपघातग्रस्त दुचाकीस्वारांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दुचाकीसाठी बनवलेली पँट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचा धोका, तशी पँट नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे निम्मा आढळला. त्याच अभ्यासात, दुचाकीसाठी म्हणून विकल्या गेलेल्या पँटपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक पँट अपघातात निकामी ठरल्याचेही नोंदवले आहे. पँट घालणे योग्यच, पण पारखून घेणे का आवश्यक आहे, हे या दोन निष्कर्षांवरून स्पष्ट होते.

कवच

गुडघा आणि खुबा यांच्या कवचांसाठी ‘ईएन १६२१-१’ हे वेगळे मानक आहे. ठरावीक आघात केल्यावर कवचातून पलीकडे पोहोचणारे बल सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत असेल तर पहिली पातळी, २० किलोन्यूटनपर्यंत असेल तर दुसरी. अर्थात दुसरी पातळी अधिक चांगली. कवचावर कोरलेल्या अक्षरांत के म्हणजे गुडघा आणि एच म्हणजे खुबा. कोपराचे पॅड गुडघ्यात घालून दिलेले नाही ना हे यावरून कळते. ए आणि बी या अक्षरांनी आकार कळतो, आणि बी प्रकार अधिक भाग झाकतो.

आपल्या हवामानासाठी आणखी एक खूण महत्त्वाची आहे, तिच्याकडे फार थोडे लोक पाहतात. मऊ कवच उष्णतेत अधिक सैल आणि थंडीत कडक होते. म्हणून काही कवचांची चाचणी ४० अंश सेल्सिअसलाही करतात आणि त्यावर ‘टी+’ अशी खूण असते. उणे १० अंशांना चाचणी झालेल्या कवचावर ‘टी-’ अशी. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात फिरणाऱ्याने पहिली आणि हिमालयात जाणाऱ्याने दुसरी खूण आवर्जून शोधावी.

अनेक पँटमध्ये गुडघ्याचे कवच मिळते, पण खुब्याला नुसता खिसा असतो किंवा त्यात पातळ स्पंज घातलेला असतो. तो स्पंज काढून खऱ्या कवचाची जोडी त्याच दिवशी विकत घ्यावी. मात्र कवचाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. ते ठोकर आणि मुका मार कमी करते. मोठ्या अपघातात हाड मोडणार नाही अशी हमी कोणतेही कवच देत नाही.

माप: येथे वेळ घालवावा

पँट उभ्याने घालून आरशात पाहणे आणि ‘बसते’ म्हणून पैसे देणे ही सर्वांत मोठी चूक होय. गाडीवर बसल्यावर गुडघा वाकतो, पँट मांडीवर ओढली जाते आणि तिची खालची कड चांगली चार-पाच बोटे वर सरकते. उभ्याने योग्य दिसणारी लांबी गाडीवर अपुरी पडते आणि उभ्याने बरोबर वाटीवर असलेले कवच बसल्यावर मांडीकडे चढते. म्हणून उभे असताना कवचाचा मध्य गुडघ्याच्या वाटीच्या किंचित खाली असावा आणि बसल्यावर तो बरोबर वाटीवर यावा. चांगल्या पँटमध्ये कवचाचा खिसा वेल्क्रोने वर-खाली करता येतो; ज्यांची उंची सरासरीपेक्षा कमी किंवा जास्त आहे त्यांनी ही सोय नसलेली पँट घेऊच नये.

शक्य असल्यास स्वतःच्या गाडीवरूनच दुकानात जावे, आणि दुकानदाराची परवानगी घेऊन पँट घालून गाडीवर बसून पाहावे. तसे जमत नसेल तर स्टूलवर, गाडीवर बसतो तसे पाय मागे घेऊन बसावे. दोन मिनिटे नव्हे, निदान दहा मिनिटे बसावे. या वेळात पुढील गोष्टी तपासाव्यात. गुडघ्याचे कवच दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवून पाहावे; ते बोटभर हलले तर चालेल, पण वाटीवरून उतरून बाजूला गेले तर पँट त्या ठिकाणी सैल आहे. गुडघ्यामागे कापडाच्या घड्या गोळा होत असतील तर दोनशे किलोमीटरनंतर त्या नक्की काचतात. कमरेचे बटण पोटात रुतते का, पुढे टाकीवर वाकल्यावर पाठीकडून कंबर उघडी पडते का, आणि गाडीवर टांग टाकताना जांघेत ओढ बसते का, हे पाहावे. बुटाची वरची कड पँटखाली झाकली जाते ना, हेही पाहावे. नडगीचा उघडा पट्टा राहता कामा नये. कंबर सैल करण्या-आवळण्यासाठी दोन्ही बाजूंना पट्टे असावेत, कारण लांबच्या प्रवासात सकाळी आणि जेवणानंतर कंबर सारखी राहत नाही.

आपले माप दोन मापांच्या मध्ये येत असेल आणि त्यांपैकी कोणते घ्यावे असा प्रश्न पडला, तर मांडी आणि गुडघ्याशी जे घट्ट बसते ते घ्यावे, मात्र कमरेची ओढ पट्ट्यांनी सोडवता येत असली पाहिजे. ऑनलाइन खरेदीत केवळ कमरेचे माप पाहू नये; नेहमीच्या पँटवरून जांघेपासून घोट्यापर्यंतची आतली लांबी आणि मांडीचा घेर फितीने मोजून कंपनीच्या तक्त्याशी ताडावा, आणि बदलून घेण्याची मुदत किती दिवसांची आहे ते आधीच वाचावे. स्त्रियांसाठी हा प्रश्न अधिक बिकट आहे. पुरुषांसाठी बेतलेली पँट कंबर आणि खुबा यांच्या प्रमाणात न बसल्याने कमरेला सैल आणि नितंबावर घट्ट होते, परिणामी खुब्याचे कवच चुकीच्या जागी जाते. स्त्रियांच्या मापाची पँट मिळत असताना ‘चालून जाईल’ म्हणून पुरुषांची घेऊ नये. मागे बसणाऱ्या सहप्रवाशाचे पायही त्याच रस्त्यावर पडतात, तेव्हा त्यांच्या पँटची तजवीजही याच वेळी करावी.

पाऊस

पुष्कळ पँटमध्ये पाणी अडवणारे अस्तर आतल्या बाजूने चेनने जोडलेले असते. कागदावर ही सोय छान वाटते, पण कोकणातील पावसात तिचे दोष उघडे पडतात. वरचे कापड पाणी शोषून जड होते, वाऱ्याने थंड होत राहते, आणि ऐन पावसात रस्त्याच्या कडेला पँट काढून अस्तर जोडायचे तरी कसे? त्यामुळे पावसाळ्यासाठी बाहेरून चढवायची वेगळी रेनपँट घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. ती रायडिंग पँटवरून चढेल एवढी ऐसपैस असावी, बूट न काढता घालता यावी म्हणून तिला खालपासून गुडघ्यापर्यंत चेन असावी, आणि बैठकीवरील शिवण आतून टेपने बंद केलेली असावी, कारण पाणी सर्वप्रथम तेथूनच शिरते. पँटची कड नेहमी बुटाच्या बाहेर ठेवावी. आत खोचली तर सगळे पाणी बुटात उतरते. सायलेन्सरला लागून प्लास्टिकसारखी रेनपँट वितळते, तेव्हा खालचा घेर पट्टीने आवळून घ्यावा. ती सामानाच्या तळाशी न ठेवता अगदी वर ठेवावी.

आत काय घालावे

सुती पायजमा किंवा सुती बर्म्युडा घामाने ओला होऊन तसाच राहतो आणि जांघेत सोलवटते. शिवण कमी असलेली, घाम पटकन वाळवणारी अंगासरशी लेगिंग बरी. मात्र वरची पँट जाळीची असेल तर आतली लेगिंग अगदी पातळ नायलॉनची असू नये, कारण घासण्याच्या उष्णतेने कृत्रिम धागा त्वचेवर चिकटू शकतो. थंड प्रदेशात लोकरीचा पातळ थर या दृष्टीनेही चांगला.

रक्कम कमी असेल तर

चांगली पँट आज लगेच परवडत नसेल, तर नुसत्या जीन्सवर निघण्यापेक्षा गुडघा आणि नडगी दोन्ही झाकणारे, मधे सांधा असलेले कवच घ्यावे. माझ्यासारखी चूक करू नये: ते पँटच्या वरून न बांधता आतून, लेगिंगवर बांधावे, सांध्याची खीळ गुडघ्याच्या वाकण्याच्या रेषेत आणावी, आणि चहाच्या प्रत्येक थांब्यावर पट्ट्या पुन्हा आवळाव्यात. यात खुबा आणि मांडी उघडीच राहते, म्हणून ही तात्पुरती सोय समजून पँटसाठी पैसे बाजूला टाकत राहावे.

पहिला प्रवास आणि निगा

नवी पँट घालून थेट गोव्याला निघू नये. आधी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरची एक फेरी करावी. पुण्याहून वाईपर्यंत जाऊन येणे यासाठी पुरेसे आहे. परत आल्यावर त्वचेवर कोठे लाल वळ उठले आहेत, कवचाचा ठसा गुडघ्याच्या नेमक्या कोणत्या भागावर उमटला आहे, हे पाहावे आणि त्यानुसार वेल्क्रोचा खिसा सरकवावा. मुदत शिल्लक असताना माप बदलायचे असेल तर तेही याच वेळी समजते.

धुताना सर्व कवचे काढून घ्यावीत, कोमट किंवा गार पाण्यात सौम्य साबणाने धुवावे, कापड मऊ करणारे द्रव वापरू नये आणि पँट सावलीत वाळवावी. कवचे परत घालताना उलटसुलट होत नाहीत ना, हे पाहावे. गाडी कडक उन्हात उभी करून पँट तिच्यावर टाकून ठेवण्याची सवय सोडावी. दर पावसाळ्यानंतर कवच वाकवून पाहावे. चिरा दिसल्या किंवा ते ठिसूळ लागले तर बदलावे. एकदा जोराची पडझड झाली की बाहेरून धड दिसणारे कवचही पुन्हा वापरू नये, आणि जेथे कापडाचे धागे विरले किंवा वितळून चकाकू लागले आहेत तेथे ठिगळ लावून तीच पँट महामार्गावर नेऊ नये.